सहीशिवाय काही सांगायचं नाही

मिनेसोटा, ऑक्टोबर

प्रिय रूथताई,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? ऑरेगनच्या पावसात कुरकुरत असेल, तर भावजींनाच जिने चढायला लाव (मावसबहिणीचा सल्ला, फुकट). मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांना सल्ला देत बसणं हा तुझाही धंदा, माझाही, म्हणून तुलाच लिहिते. यंदा माझी एकवीस मुलं अर्ज करतायत आणि चौदाजणांच्या अर्जातल्या निबंधात पहिल्याच ओळीत आजी वारते. मी नुसती म्हाताऱ्या बायकांना दुसऱ्या पानापर्यंत जिवंत ठेवायच्या खटपटीत असते.

आमची लेक मारेन तुझ्याच कॉलेजात, तुझ्याच टेबलासमोर येऊन बसते, हे मला ठाऊक आहे. पण मी एका अक्षराने विचारणार नाही. मुलांच्या सहीशिवाय आईबापांना काही सांगायचं नाही, हा नियम, आणि तिने सही केलेली नाही. पाच आठवडे फोनही नाही. (शेवटच्या फोनवर म्हणाली, "आई, भीती वाटतेय गं." आणि मी विचारलं, "अर्जासाठी लागणारे दवाखान्यातल्या कामाचे तास किती भरले?")

तर परवा काय झालं, चार तास गाडी हाकत एका मुलाची आई, टॉलेफसनबाई आल्या, हातात बटाटे-खिमा घालून भाजलेल्या हॉटडिशचं भलंमोठं भांडं, टॉवेलात गुंडाळून गरम ठेवलेलं. ते माझ्या टेबलावर, अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवून म्हणाल्या, "आमचा लाइल रसायनशास्त्रात पास झाला का, तेवढं सांगा." मी नियमाप्रमाणे म्हटलं की या नावाचा मुलगा इथे आहे की नाही, हेदेखील मला सांगता येत नाही. बाई उसळल्या. "अहो बाई, जन्म दिलाय मी त्याला! तो आहे की नाही हे तुम्ही मला सांगणार?"

पंचाईत अशी की लाइल त्याच वेळी दाराबाहेरच्या बाकावर, माझ्याच भेटीसाठी, माहितीपत्रकाआड तोंड लपवून बसला होता. मी त्याच्याकडे न बघता नियम पुन्हा म्हणून दाखवला. शेवटी पत्रकाआडून आवाज आला, "नापास झालो, आई. जेवलीस का तू?"

मग ती दोघं गाडीच्या बॉनेटवर भांडं ठेवून, थंडीत उभ्याउभ्या, एकाच चमच्याने जेवली. बाई बोलत होत्या, तो मान हलवत होता. मी खिडकीशी उभी होते. पुढची मुलगी दार वाजवून कंटाळली, ताई.

बाकी सर्व ठीक. नियम चांगलाच आहे.

तुझी,
इन्ग्रिड

ता. क. मारेनच्या अर्जाबद्दल काही लिहू नकोस, मी वाचणार नाही. फक्त ती तुझ्याकडे येऊन गेली, की मला एक कोरं पोस्टकार्ड टाक. पत्ता माझा, बाकी काही नाही. कोऱ्या कार्डाने कुठलाच नियम मोडत नाही, मी सगळी कलमं वाचून पाहिली.

आणखी एक ता. क. नाही आली, तरी टाक.