घरदार आणि पुसलेली माशी

मी, खाली सही करणारी, जुन्या सिनेमांची रिळे साफ करण्यात उभा जन्म घालवलेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत करत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. धाकट्या भावाचे मत वेगळे आहे, पण त्याला कोणी विचारलेले नाही. माझ्या हृदयाची एक झडप गळते. सोमवारी ती बदलायची आहे. दुरुस्तीच्या कामात काय काय होऊ शकते हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नसेल, म्हणून हा कागद आधीच करून ठेवते. मसुदा भाऊरायांच्या मुलीने तपासला आहे. ती वकील असून "आत्या, हे कायद्यात बसत नाही" हे उठता-बसता म्हणते.

कलम एक. बँकेतली सगळी शिल्लक या भाचीला द्यावी. आकडा पाहून तिने "एवढीच?" असे विचारले नाही. हे वळण तिच्या आईकडचे असावे.

कलम दोन. माझ्या कपाटात एका जुन्या कृष्णधवल विनोदी सिनेमाच्या डिस्कचे खोके आहे. लोकांना तो घरी टीव्हीवर बघता यावा म्हणून एका कंपनीने आमच्याकडे साफसूफ करायला दिला होता. आमच्याकडे म्हणजे मी आणि माझे तेव्हाचे यजमान. चित्र मी साफ करायचे, आवाज ते. मी आवाज बंद ठेवून काम करायचे, कारण संवाद कानी पडले की मी गोष्टीत गुंतते आणि डाग नजरेतून सुटतात. ते पलीकडच्या खोलीत पडदा बंद करून, डोळे मिटून बसायचे, कारण चित्र दिसले की म्हणे कान आळशी होतात. या शिस्तीचा आम्हा दोघांना कोण गर्व होता.

सिनेमात एक पळून गेलेली श्रीमंत मुलगी पियानो जुळवणाऱ्या कारागिराला नवरा म्हणून घरी आणून उभा करते. जेवणाच्या टेबलावर तिचे वडील उपदेश करत असतात आणि त्यांच्या नाकावर माशी बसते. पियानोवाला आधी दुर्लक्ष करतो, मग माशीमागे मान फिरवतो, आणि शेवटी न राहवून वर्तमानपत्राची घडी सासऱ्याच्या नाकावर हाणतो. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

मला नाकावर दिसला तो काळा ठिपका. आमच्या यंत्राने तो सोडून दिला होता. ही घाण नव्हे एवढे त्याला कळले होते. मी म्हटले, यंत्राला काय कळते, आणि एकेक चौकट घेऊन तो हाताने पुसला. खालची कातडी इतकी बेमालूम भरली की आजही पाहताना मला स्वतःचे कौतुक वाटते. पलीकडे यजमानांना भुणभुण ऐकू आली. त्यांनीही ती मुळासकट उपटली.

चित्र आणि आवाज एकत्र पाहिले ते थेट कंपनीने ठेवलेल्या खास खेळाला, पाहुण्यांनी भरलेल्या थिएटरात. पियानोवाला सासऱ्याच्या नाकाकडे टक लावून बघतो, रिकाम्या हवेत मान गरगर फिरवतो, आणि काही कारण नसताना म्हाताऱ्याला हाणतो. लोकांची हसून मुरकुंडी वळली. हा विनोद काळाच्या फार पुढे असल्याचे एका समीक्षकाने छापले. आम्हा दोघांना मात्र एकाच वेळी घाम फुटला.

"तुम्हाला भुणभुण ऐकू आली नाही का?" घरी येताच मी विचारले.

"आली की. म्हणून तर काढली. सुंदर काढली. तुला माशी दिसली नाही?"

"दिसली. मीही सुंदर काढली."

इथे दोघांपैकी एकाने हसायला हवे होते. सगळे थिएटर हसले, आम्ही हसलो नाही. भांडण माशीवरून निघाले ते त्यांच्या आईच्या स्वभावापर्यंत गेले, आणि तिथून कोणाचेच भांडण परत येत नाही. घटस्फोटाच्या अर्जात आम्ही "स्वभाव जुळत नाहीत" असे लिहिले. खरे कारण फक्त माझ्या भावाला कळले, म्हणजे सगळ्या गोतावळ्याला कळले.

लग्न होते तोवर मी त्यांना अहो म्हणायचे. मोडल्यावर अरे म्हणू लागले. खरी मैत्री तेव्हाच झाली. यापुढे या कागदात त्याचा उल्लेख ध्वनिवाला असा केला आहे.

कलम तीन. माझा भाऊ कोणत्याही घरगुती जेवणात वर्तमानपत्राची घडी करून माझ्या नाकाकडे बघतो. डिस्कचे ते अख्खे खोके त्याला द्यावे. आपल्यालाच घर मिळणार या खात्रीने त्याने मागच्या भेटीत इथल्या भिंतींची मापे घेतली. ती मापेही त्याच्याकडेच राहू द्यावीत.

कलम चार. माझे मोठे भिंग खालच्या शिंप्याला द्यावे. सुईत दोरा ओवताना तो ज्या शिव्या देतो त्या माझ्या स्वयंपाकघरात येतात. कामाचे पांढरे हातमोजे फेकून दिले तरी चालेल.

कलम पाच. घर. ध्वनिवाला लोखंडी पत्रे कापायच्या कारखान्याच्या वरच्या भाड्याच्या खोलीत राहतो. तीही आता मालक रिकामी करून मागतो आहे. ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे आवाज निवळून दिले त्याचे कान त्या खणखणाटात जाऊ लागले आहेत. त्याला मी इथे ये म्हटले की तो हवामानाचा विषय काढतो. मानी आहे, मीही काही कमी नाही. म्हणून मी हे घर आतल्या खोलीत पडून असलेल्या त्याच्या टेपच्या यंत्रांना देऊ केले होते.

"आत्या, यंत्रांना घर देता येत नाही."

"मग यंत्रांच्या देखभालीसाठी असं लिही."

"म्हणजे आतोबांनाच ना?"

"हळू बोल."

सबब हे राहते घर ध्वनिवाल्याला द्यावे. कायद्याला कारण लागत नाही, तरी लिहिते. मला तो या घरात हवा आहे. एकटीने जेवताना मी अजून पलीकडच्या खोलीकडे कान देते. हे त्याच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही, म्हणून मेल्यावर सांगते आहे. एवढी शूर मी आहे.

जोडमजकूर. आज सह्यांसाठी शिंपी आला. वाचल्याशिवाय आपण कशावरही सही करत नाही, आणि चष्मा खाली राहिला आहे, असे म्हणाला. भाचीने कोर्टातल्या आवाजात सगळा कागद वाचून दाखवला. दार उघडे होते. पाचवे कलम संपले तेव्हा दारात ध्वनिवाला उभा दिसला. ऑपरेशनची बातमी त्याला शिंप्याकडून लागली होती.

"किती ऐकलंस?" मी विचारले.

"सगळं. हिचा आवाज चांगला आहे."

शिंपी खिडकीबाहेर बघू लागला.

"मेल्यावर घर देतेस," ध्वनिवाला म्हणाला, "आणि सोमवारी तुझ्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार, ते कितव्या कलमात आहे?"

"भाची येणार आहे."

"आणि परत आल्यावर जिना कोण चढवणार?"

या वेळी हवामानाचा विषय मी काढला. त्याने टेबलावरचे पेन उचलले आणि साक्षीदाराच्या जागी सही ठोकली.

"आतोबा, काय केलंत हे?" भाची म्हणाली. "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं. घर गेलं तुमचं."

"माहीत आहे. हिच्या मरणातून मला काही नको." मग माझ्याकडे वळला. "किल्ली दे. आत्ता. घराचं काय ते तू परत येऊन लिही."

मला रडू आले आणि मी ते लपवले नाही. किल्ली दिली. शिंपीही साक्षीदारच, म्हणून कलम चारमधले भिंग त्याला आजच हातात देऊन टाकले. कलम पाचवर एक रेघ मारून ते रद्द केले आहे. रेघेखालचे वाचता येते, ते तसेच राहू द्यावे. घराला वारस न नेमल्यामुळे हे मृत्युपत्र अपुरे आहे, असा भाचीचा आक्षेप आहे, आणि तो मला मान्य आहे. सोमवारनंतर घरी येऊन मी ते पुरे करीन.

ठिकाण: राहते घर, दुसरा मजला, खिडकीजवळचे टेबल.

तारीख: भाचीने शिक्क्याखाली घातली आहे, वार शुक्रवार.

सही: मृत्युपत्र करणारी.

साक्षीदार पहिला: शिंपी. पत्ता: याच इमारतीचा तळमजला.

साक्षीदार दुसरा: ध्वनिवाला. पत्ता: मृत्युपत्र करणारीचाच.