ड्राइव्ह की दोन खिडक्या

४ मार्च, मंगळवार
आमच्या स्कॅन सेंटरच्या डॉक्टरबाईंचा हुकूम – क्लाउडवरचे स्कॅन आणि पेशंटचा डेटाबेस उघडायला दोन सॉफ्टवेअर आहेत. तू आणि पंतोजी दोन्ही वापरून बघा, एक ठरवा. पंतोजी म्हणजे शेजारच्या टेबलावरचे आमचे सीनियर. नाव मीच ठेवलंय.
मला आवडलेलं घरूनही चालतं. त्यांना आवडलेलं फक्त सेंटरमधल्या मशीनवर. माझं जिंकलं तर घरून काम, आणि लेकीला शाळेतून आल्यावर दाराला कुलूप दिसणार नाही. जिंकायचंच!

५ मार्च
माझ्या सॉफ्टवेअरमध्ये क्लाउड आपल्याच कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह होऊन बसतो. क्लिक केलं, स्कॅन उघडला. पंतोजींच्यात दोन खिडक्या – डावीकडे आपलं, उजवीकडे क्लाउडचं, आणि एकेक फाइल हाताने ओढून आणायची. 'लांबचं आहे ते लांबच दिसावं,' म्हणे! माउस असा घट्ट धरतात, जणू पळूनच जाईल.

६ मार्च
गुडघ्याचा एक स्कॅन उघडेना. तेवढ्यात पंतोजी चहा पिऊन, कप विसळून आले. 'अजून गुडघाच? पेशंट एव्हाना चालायला लागला असेल.' अस्सा राग आला!

७ मार्च
तेच. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय, फिरतंय. पंतोजी गालातल्या गालात.

१० मार्च, सोमवार
पंतोजी दाताच्या डॉक्टरकडे. माझा ड्राइव्ह सुसाट! पाठ, डोकं, खांदा – सगळे स्कॅन झटक्यात. आता याला काय म्हणावं?

११ मार्च
पंतोजी हजर, चक्रही हजर. ते चहाला गेल्यावर त्यांच्या स्क्रीनवर डोकावले. गेल्या वर्षीचे सगळे स्कॅन दुसऱ्या सर्व्हरवर चढवत होते – आमच्या एकुलत्या एक नेटवरून, नेमके मी चाचणी घेताना! मग माझा ड्राइव्ह रखडणारच. आणि चेहरा किती साळसूद! उद्या सरळ डॉक्टरबाईंकडे जाते.

१२ मार्च
आधी त्यांनाच धरलं. वाटलं, उडवून लावतील. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, 'तू घरी बसलीस की या खोलीत माझ्याशी भांडणार कोण?' हसायला गेले, जमलं नाही. मला भरूनच आलं.
डॉक्टरबाईंना एवढंच सांगितलं – ड्राइव्हवालं घ्या, झकास चालतं. पण मी घरून आठवड्याचे तीनच दिवस. बाकीचे दिवस मला इथे काम आहे.