छत्रीवाल्यांच्या भिंतीवरचा चुना

४ मार्च

घर तपासायला बाई लावलीस, हे मला तुझ्या काकूकडून कळावं? तीही भाजी निवडता निवडता सांगत होती, जणू मला आधीपासून माहीतच आहे. मीही मान डोलावली, काय करणार. मग उठून आत गेले आणि भांडी आपटली.

चि. नातीस अनेक आशीर्वाद. ते आधी लिहायचे असतात हे मला ठाऊक आहे, दुसरीपर्यंत का होईना मी शाळा पाहिलीय. पण राग पोटात ठेवून लिहायला बसलं की माझ्या ओळी वाकड्या येतात.

घराला तपासायचं काय असतं ग? तुझ्या आजोबांनी घर घेतलं तेव्हा दार ढकलून पाहिलं. ते लागलं. म्हणाले, घर चांगलं आहे. छप्पर गळतंय हे राहायला गेल्यावर कळलं, पण तोवर सामान लावून झालं होतं. आम्ही काही मेलो नाही.

आणि घर घेताय कुठे, तर त्या जुन्या गावात. आमच्याकडून बसने जेमतेम पाऊण तास. तिथे प्रत्येक दगडावर पाटी लावून ठेवलीय, हा जुना आहे, हात लावू नका. मी मेली त्या दगडांहून थोडीच लहान, मला कोणी पाटी लावली नाही.

काकू म्हणते, तू त्या घरात माझी खोलीसुद्धा ठरवलीस. मला न विचारता. मी काही कपाट नाही, इथून उचललं आणि तिथे ठेवलं असं व्हायला.

इकडे सगळं जागच्या जागी आहे: काकाचा गुडघा, काकूचा आवाज आणि माझी जीभ. लोभ आहे तेवढा आहे. वाढवून हवा असेल तर मला आधी सांगत जा.

तुझी आजी

—

९ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. तू अजून रागावलेली आहेस असं धरूनच पुढचं लिहिते.

तुला मीच सांगणार होते, काकूने बाजी मारली. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून पत्राने सांगायचं ठरवलं होतं.

तपासणीवर कशाला चिडतेस? मी रोज दुसरं काय करते? पेशंट सांगतो, दात छान आहे, जरासा ठणकतो इतकंच. तोंडात आरसा घातल्यावर कळतं की आत भुयार झालंय. घराचंही तसंच. शिवाय ते गाव जपायला कमिटी आहे. घराचं तोंड बदलायचं नाही, खिडक्या लाकडीच ठेवायच्या, कौलं त्याच जातीची घालायची. म्हणजे राहायला गेल्यावर काही बिघडलेलं निघालं, तर पाडून नवं बांधलं असं चालत नाही. दुखणं आधी कळलेलं बरं.

पुढच्या खोलीत मी दवाखाना काढणार आहे. त्या गावात दातांचा डॉक्टर नाही. गाल धरून लोक बसने तुमच्याकडे येतात, तूच सांगितलं होतंस. दाताची खुर्ची जड असते, तिथली लाकडी जमीन ती पेलेल का, हे ती बाई बघणार. मागची खोली तुझी, कारण तिथे जायला जिना नाही. आणि कपाट तुला कोण म्हणतंय? कपाट निदान गप्प असतं.

तुझ्या नातजावयाचं, मास्तरांचं, तर काही विचारूच नकोस. शाळेतून आले की घराचे नकाशे काढत बसतात. त्यांच्या वर्गातली मुलंसुद्धा आता आमच्या स्वयंपाकघराचं क्षेत्रफळ काढून देतात.

घर छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचं आहे. ते मुलीकडे राहायला जाणार. एक हॉटेलवाला घरासाठी त्यांच्या मागे लागलाय, पण त्यांना घरात राहणारी माणसं हवीत, म्हणून ते आमच्यासाठी थांबलेत. हे हातचं गेलं तर असं दुसरं आम्हाला मिळायचं नाही. आजी, खरंच सांगते, मला हे घर फार हवंय.

वीस तारखेला तपासणी आहे. त्याआधी एकदा जाऊन तुझी खोली बघून ये. फक्त बघून ये.

मास्तरांचा नमस्कार. तुझ्या बोलण्यातूनच लोभ कळतो, तो असाच चालू ठेव.

तुझी नात

—

१५ मार्च

चि. नातीस आशीर्वाद. या खेपेला वेळेवर.

बघून आले. बस वेशीपाशी सोडते, पुढे रस्ता दगडांचा. त्या कमिटीला म्हणावं, एकदा माझ्या चपला घालून चाला आणि मग जपा.

घर अरुंद आहे, पण खोल आहे. पुढच्या खोलीत छताला छत्र्या टांगलेल्या, वटवाघळांसारख्या. छत्रीवाले ताडमाड उंच, स्वतःच्याच घरात प्रत्येक दाराशी वाकतात. बोलतात मोजकं. पण मी न विचारता त्यांनी घराची सगळी दुखणी दाखवली. ही पायरी हलते, हे दार पावसाळ्यात फुगतं, तिथे हे होतं, इथे ते होतं. असा विकणारा मी पाहिला नाही. आमच्याकडे म्हैस विकताना लोक तिची शेपटीसुद्धा विंचरून आणतात.

मागची खोली बरी आहे. खिडकी मागच्या रस्त्यावर उघडते, कोण कोणाकडे जातंय ते खाटेवरून कळेल. मी येणार की नाही ते अजून सांगितलेलं नाही, हे लक्षात ठेव.

दुसऱ्या दिवशी परत गेले. म्हटलं, परकी बाई घर बघायला येणार, आणि तिच्यापुढे हे असं ठेवायचं? तुझ्या बापाला डॉक्टरकडे नेताना मी आधी नाक पुसायची, धुतलेला सदरा घालायची, मग न्यायची. तुझे पेशंट तरी तुझ्याकडे दात घासूनच येतात ना? तर घर जरा माणसांत आणून ठेवलंय. काय काय केलं ते विचारू नकोस, माझी कंबर सांगतेय तेवढं पुरे. छत्रीवाल्यांनी बादली दिली, पाणी दिलं, तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, लाजले असतील.

घर पास झालं की कळव. लोभ करतेस त्याची परतफेड झाली असं समज.

तुझी आजी

—

२१ मार्च

ती. आजीस,
सा. न. आज एवढ्यावरच भागव.

काल तपासणी झाली. बाई भली होती. शिडी लावून माळ्यावर गेली, हातोडीने भिंती वाजवल्या, पुढच्या खोलीत पाय आपटून पाहिले. वासे चांगले, पाया चांगला, खुर्चीसाठी जमिनीखाली एक आधार दिला की झालं. मास्तर माझ्याकडे बघून हसत होते.

मग ती तुझ्या खोलीत गेली. तिथल्या कोपऱ्यात ताजा चुना. ओल मोजायचं यंत्र लावलं तर ते थांबेचना. तिने थोडं खरवडलं, खाली हिरवी बुरशी. पांढरा पट्टा माझ्या डोक्याच्या जरा वर जाऊन संपलेला, त्याच्यावर भिंत जुनी, पिवळी. ओलीचं कारण अगदी साधं निघालं. बाहेरची पन्हळ फुटलीय, ती बदलली की भिंत वाळेल. पण बाई म्हणाली, ज्याने एक झाकलं त्याने आणखीही काही झाकलं असेल. तिने तसं लिहूनही दिलं, की विकणाऱ्याने ओल झाकलेली दिसते.

मास्तर तडक बाहेर गेले. छत्रीवाले पायरीवर बसून एका छत्रीची काडी बसवत होते. शेजारची चारपाच माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मास्तरांनी त्यांना लबाड म्हटलं. या वयात हे शोभत नाही, असंही म्हणाले. छत्रीवाल्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. काहीतरी बोलतील असं वाटलं. पण त्यांनी छत्री मिटली, उठले, आणि एवढंच म्हणाले, "हे घर तुम्हाला नाही." आणि दार लावून घेतलं.

मास्तर बसमध्ये म्हणत होते, सुटलो. घरी आल्यापासून मात्र त्यांनी नकाशे उलटे घालून ठेवलेत.

आजी, त्यांनी तुला सगळी दुखणी दाखवली असं तू लिहिलं होतंस. मग हे एकच कसं लपवलं? तुला ती ओल दिसली होती का? मी पेशंटना बसायला बाक कुठे ठेवायचा तेसुद्धा ठरवलं होतं.

लोभ असू दे, आज त्याची गरज आहे.

तुझी नात

—

२४ मार्च

चुना मी लावला. आशीर्वाद खाली आहेत, आधी हे वाच.

छत्रीवाल्यांनी मला ओल पहिल्याच दिवशी दाखवली. भिंतीला हात लावून दाखवली आणि म्हणाले, तपासणारीला पण दाखवणार आहे. मीच ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी इथून चुना आणि कुंचला घेऊन गेले, बुरशी घासली आणि दोन हात मारले. मला वाटलं, तोंड पुसावं तसं झालं. त्याला कोणी झाकणं म्हणेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तू म्हणशील, फक्त बघून ये असं लिहिलं होतं. लिहिलं होतंस. मी वाचलंही होतं.

पण तुमचे मास्तर भूमिती शिकवतात ना? पट्टा कुठे संपला ते त्यांना दिसलं नाही? स्टुलावर चढायला माझे गुडघे तयार नाहीत, माझा हात पोचला तिथपर्यंतच चुना आहे. छत्रीवाल्यांनी लावला असता तर छतापर्यंत गेला असता, आणि तोही स्टुलाशिवाय. एवढ्याशा उंचीचा चोर शोधायला यंत्र कशाला लागतं? आणि त्या बाईला सांग, काम चांगलं केलंस, पण ती ओळ खोड. ओल कशाची ते तिला कळलं, हात कोणाचा ते कळलं नाही.

तुझं पत्र वाचलं तशी उठले आणि बस पकडली. काकू विचारत राहिली कुठे निघालात, तिला म्हटलं, निस्तरायला.

छत्रीवाले पायरीवरच होते. मी बसले नाही. मास्तर जिथे उभे राहून बोलले तिथेच उभी राहिले आणि शेजारणीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ही भिंत मी रंगवली. या माणसाने मला ओल आधीच दाखवली होती." माझा आवाज तुला माहीत आहे. समोरचा दुकानदार वजन करता करता थांबला.

मग त्यांनी आत बोलावलं, चहा केला. चहा पातळ करतात, पण ते जाऊ दे. मी विचारलं, इतकं ऐकून घेतलंत, माझं नाव का नाही सांगितलं? तर म्हणाले, त्यांना वाटलं आमच्यात रीतच असेल, घर घेण्याआधी घरातल्या मोठ्या बाईने भिंतीला चुना लावायचा. म्हणून बादली देताना काही विचारलं नाही. तपासणारीला ओल सांगायला ते आत येणार, तोवर मास्तरच बाहेर आले. मास्तर ओरडायला लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घरात कोणाला काही ठाऊकच नाही. मग म्हाताऱ्या बाईचं नाव तिच्या नातजावयापुढे कसं घ्यायचं. मी म्हटलं, घ्यायचं होतं की, मी काही मिठाची नाही विरघळायला. त्यावर ते पहिल्यांदा हसले. खालचे दोन दात तुला बघावे लागतील.

मला वाटलं, मिटलं. म्हटलं, मग घराचं काय ठरवताय? त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, नाही. रागाने नाही, दार पावसाळ्यात फुगतं हे सांगितलं त्याच आवाजात. लोक त्यांच्याकडे छत्र्या टाकून जातात, चिठ्ठी मागत नाहीत, पुढच्या पावसाला येऊन घेऊन जातात. आता शेजारीण विचारते, माझी छत्री आत आहे ना. माझ्या चुकीचं मी बोलले, ते त्यांना पोचलं. पण लबाड हा शब्द माझा नव्हता, तो मला परत घेता येणार नाही. पटलं मला. मी पुष्कळ गोष्टी तुमच्या वतीने बोलून टाकते, पण ही माफी तशी खपली नसती.

हॉटेलवाला रविवारी येणार आहे. अजून त्यांनी त्याला काही कळवलेलं नाही. हे त्यांनी मी न विचारता मला सांगितलं, म्हणजे काय ते समज.

आणि एक. मला ती खोली हवी आहे. हे मी एकदाच लिहिते, पुन्हा विचारलंस तर नाही म्हणेन.

आता आशीर्वाद, तुम्हा दोघांना, त्यातले मास्तरांचे जरा राखून. लोभ असेल तर तो पायांत येऊ दे, पत्रात नको.

तुझी आजी

ता. क. या पत्राला तू उत्तर लिहायचं नाहीस. उत्तर मास्तरांनी द्यायचं, तेही मला नाही, छत्रीवाल्यांना. टपालाने चालणार नाही. रविवारच्या आत बसमधून उतरायचं, त्याच पायरीवर उभं राहायचं आणि लबाड म्हणताना लावला होता तेवढाच आवाज लावायचा. शेजारणीला मी सांगून ठेवलंय, ती दारात उभी असेल.