निरोपाचा शब्द

३ नोव्हेंबर, किहीम
शाळा सुटली की कॉन्व्हेंटच्या फाटकाशी शहरबानू म्हणायची, "जाते ग." मी तिची वेणी ओढायचे. जाते नाही म्हणू, येते म्हण! आज तिच्याच किहीमच्या घरी राहायला आले. चावी देऊन निघताना ती मुद्दाम ठसक्यात म्हणाली, "येते हं, मास्तरीणबाई." दोघी म्हाताऱ्या खो खो हसलो.

नारळांच्या सावलीत टेबल मांडलंय. भाचा सलिलने काम दिलंय, एका जपानी भयखेळाचं मराठी. पडद्यावर चित्र, खाली मजकूर, वाचत पुढे जायचं. माझ्या तरुणपणी हा खेळ तिकडे संगणकावर आला, मग टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, पुढे इंग्रजीत. मराठी आवृत्ती शुक्रवारी, १४ तारखेला, मोबाइलवर.

६ नोव्हेंबर
गोष्ट किळसवाणी आहे. मासळी आंबवायच्या पिंपात बुडालेली मुलगी घरोघरी लोकांच्या ताटात बोटं घालते. शेवटी उंबऱ्यावर "जाते" म्हणते आणि कायमची जाते. सलिल म्हणाला, निघताना "जाऊन येते" म्हणायची रीत जपान्यांतही आहे, पण लेखकाने मुद्दाम नुसतं "जाते" ठेवलं. प्रत्येक आवृत्तीत ती ओळ तशीच.

मला कसंसंच झालं. कुणाची का असेना, पोर उंबऱ्यावरून "जाते" म्हणेल? मी "येते" केलं. काम पाठवून दिलं.

९ नोव्हेंबर
घरभर कुजका वास. शेजारी बोंबील वाळताहेत म्हणून असेल. स्वयंपाकाला येणारी वेणूबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "बाय, ह्यो मासलीचा वास न्हाय." दुपारी वरणात केस. ओढला तर येतच राहिला. ओला, बुळबुळीत. टोकाला एक नख, मुळासकट.

११ नोव्हेंबर
भातात बोटांच्या खुणा. वर करडी, चिकट लाळ. कळलं ते घास गिळल्यावर. अजून ओकते आहे.

सलिलला फोन केला. "येते" काढ, "जाते" घाल. तो हसला. म्हणाला, मावशी, इतकं जमलंय की तूच घाबरलीस. त्याची लेक अनुया चाचणीचा खेळ संपवून बसलीय म्हणे. फक्त आज जेवत नाहीये, डब्यात केस निघाला म्हणून—

मी ओरडले. तो आणखी हसला.

१३ नोव्हेंबर
उंबऱ्यावर ती. पायांची कातडी मोज्यासारखी सुटून फरशीला चिकटलीय. "जा" म्हणायला मी तोंड उघडलं— जिभेवर केस. ओढते आहे. घशातून अजून—

वेणूबाईला खुणेनेच परत पाठवलं.

शुक्रवार
बोलता येत नाही. लिहिते.

शाळेतली पेन्सिलपेटी शहरबानूला. मोत्याच्या कुड्या अनुयाला, आधी उकळून. भांडी वेणूबाईला नकोत. पुरून टाका.

ही वही सलिलला. खेळातला शेवटचा शब्द बदल, बाळा. "जाते" कर. कुणी वाचायच्या आत. अनुयाला जवळ घेऊन बस, तिच्या ताटात—

वास. अगदी मानेशी—

बरं सलिल, मी ये—