पाहुण्यांना दाखवायची शाळा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही गेलेला नाही. मुख्याध्यापिका म्हणून स्कॉटलंडच्या एका शाळेशी तुम्ही आपल्या शाळेची मैत्री जोडलीत आणि तिकडचे पाहुणे पहिल्यांदा डोंबिवलीत आले, तो दिवस. मी सातवीत. मुलांच्या आयांनी दारात औक्षण करायचं ठरलेलं, म्हणून माझी आई मानपाड्याच्या रंगाच्या कंपनीत रजा टाकून, लग्नातला शालू नेसून आलेली. तुम्ही तिच्या हातांकडे बघितलंत. रंगाची पोती भरून पिवळे पडलेले हात, कितीही घासले तरी तसेच. "तुम्ही जरा बाजूला थांबता का? फोटो निघतायत," एवढंच म्हणालात, तेही गोड आवाजात. आईने ताट शेजारणीच्या हातात दिलं. तो शालू ती परत कधी नेसली नाही.

तुमच्यामागे ती मैत्री बंद पडली. मी त्याच शाळेत शिक्षिका झाले आणि मेलवर मेल करून हट्टाने ती पुन्हा जोडली. पहिल्या व्हिडिओ कॉलला विषय होता, माझं घर. मी मुलांना म्हटलं, आहे तसं सांगा. आठवीतल्या एका मुलीने मोबाइलवर काढून आणलेला खोलीमागचा, कंपन्यांच्या पाण्याने लाल झालेला नाला दाखवला, बाबांची नोकरी गेली तेही सांगितलं. तिकडची पोरं प्रश्नांवर प्रश्न विचारत होती, तास संपला तरी उठेनात. मला तर आनंदाने रडूच यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं. "शाळेची पार अब्रू घालवलीत. नाले काय दाखवताय त्यांना?" आणि मैत्री उचलून संस्थेच्याच इंग्लिश मीडियमला देऊन टाकली. तिथली मुलं आता फेटे बांधून लेझीम दाखवतात. आमची पोरं विचारतात, आपला कॉल कधी? मी बघू म्हणून वेळ मारून नेते.

तुम्ही असतात तर त्या पोरीला आधीच गप्प बसवलं असतंत, आणि बाकीच्या मुलांची मैत्री टिकली असती. हे मला कळतं, म्हणून तर जास्त चीड येते. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्हाला वाचू दिलं नसतं. आज त्या मुलीनेच विचारलं, "बाई, माझ्यामुळे बंद झालं ना?" मी नाही म्हटलं. पण क्षणभर मला वाटून गेलं, हिला बोलू द्यायला नको होतं.