खालच्या गावचं पाणी

चैत्र वद्य सप्तमी, शके १८८१

चि. चंद्रभान यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तू पाठवलेली गुळाची ढेप पोचली. पोरांनी आल्या आल्या फोडली. मी खडासुद्धा तोंडात घातला नाही. मला गोडाचं वावडं नाही, तुझ्या उसाचं आहे.

रागाने लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण आता लिहितेच. तू वर नदीला इंजन लावतोस, उसात पाणी सोडतोस आणि खुशाल झोपतोस. रान तुडुंब भरतं. काळी जमीन ती, पिऊन पिऊन किती पिणार? मग आतला खार वर येतो आणि पाझरून नदीत उतरतो. तुझ्या बांधाखाली पांढरा थर धरलाय, संक्रांतीला मी डोळ्यांनी पाहिला. उन्हाळ्यात आमच्याकडे नदी म्हणून वाहतं ते तुझ्या रानाचं निथळच. वाळूत उकरलेला आमचा पिण्याचा झिरा खारट झाला. डाळ शिजत नाही. मिरचीची पानं करपली.

शेतकीचे साहेब तुझ्या बांधावर येऊन गेले. सऱ्या पाड, पाणी टोकाला पोचलं की बंद कर, ओल असेल तर पाळी लांबव, एवढंच सांगत होते. तू म्हणालास, "पानी आमचं, इंजन आमचं. कुनाच्या बापाचं काय जायलंय?" तुझे दाजी तिथेच उभे होते. घरी येऊन त्यांनीच मला शब्द न् शब्द सांगितलं.

वर खुशाल लिहिलं ते खोटं आहे. गावात आता गोड्या पाण्याची एकच विहीर उरली, किशनरावांची. तिथे मला सगळ्यांच्या मागे उभं करतात. परवा दगडाबाईने माझी घागर पायाने सरकवली. "तू मागून भर. तुज्या भावानंच आमचं पानी नासवलंय." चंद्रभान, वर्षभर मी तुझी बाजू घेऊन भांडले रे! माझा भाऊ ऐकेल, असं चारचौघींत सांगत राहिले. तू मला तोंडघशी पाडलंस.

अक्षय्य तृतीयेला तू आपल्या गेलेल्या आबांच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा करा पुजशील, त्यांची तहान भागावी म्हणून. लेकीने पुजायची आपल्यात रीत नाही. तरी यंदा मी पुजणार. सऱ्या पाडल्यास म्हणून झिरा लगेच गोड होणार नाही, एवढं मला कळतं. पण तू नांगर धरलास असं नुसतं कानावर आलं, तरी आबांचा करा मी किशनरावांच्या विहिरीवर भरीन, सगळ्यांच्या मागे उभी राहून. नाहीतर झिऱ्यावर भरीन. जन्मभर राबलेला माणूस तो, तहानेला येईल आणि तुझं पाणी पिऊन जाईल.

नदीच्या खाली दिलेली तुझी बहीण,
भिवरा