आधी उतरलेल्याचा हात

प्रिय सूनबाई,

आठवडा झाला, सकाळ-संध्याकाळ झऱ्याच्या कढत पाण्यात डुंबते आहे. तू बळेबळे पाठवलंस तेव्हा मी फुरंगटले होते खरी, पण निघताना मनाशी एकच धरलं होतं: परत येईन ती स्वतःची अंघोळ स्वतः करणारी होऊनच. गाव जुनं आहे, उतरते दगडी रस्ते आणि जिकडेतिकडे काठ्या टेकणारी आमच्यासारखी मंडळी. झऱ्याचं पाणी प्यायचंही असतं, त्याचा नळ वेगळा. खारट पाणी, त्यात गंजाचा वास. ते म्हणे फेऱ्या मारत घोटघोट प्यायचं. मी औषधासारखं एका दमात ढोसलं आणि दुपारपर्यंत खोलीबाहेर पडले नाही. पुढचं विचारू नकोस.

इथल्या हौदाची एक रीत आहे. पायऱ्या निसरड्या, म्हणून आधी उतरलेल्याने मागच्याचा हात धरायचा, ओळख असो वा नसो. जन्मभर शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करणारी मी कसली ऐकते! पहिल्याच दिवशी हात झिडकारला आणि सगळ्यांदेखत धपकन पाण्यात. एका बेकरीवाल्या बाईंनी दंडाला धरून वर काढलं. पोट धरून हसल्या, पण हात सोडला नाही. तेव्हा तुझी फार आठवण आली. माझा मुलगा गेल्यावर तुला माहेरी जायला कोण अडवणार होतं? तू राहिलीस. माझे सांधे धरले तशी रोज मला न्हाऊ घातलंस. संकोचाने माझा जीव अर्धा व्हायचा आणि तू मात्र गुणगुणत पाठ चोळायचीस. तुझे फार उपकार आहेत गं. तू नसतीस तर मी अंथरुणालाच खिळले असते.

काल एका नवख्या आजींना मीच हात देऊन उतरवलं. आणि आज सकाळी न्हाणीघराला आतून कडी लावून एकटीने अंघोळ केली. पाठ नीट घासली गेली नाही, पण चालायचंच.

हे घाईने कळवतेय, कारण तुझ्या ऑफिसातल्या त्या चष्मेवाल्यांनी तुला मागणी घातली आहे, आणि ‘सासूबाईंना कोण बघेल’ म्हणून तू त्यांना ताटकळत ठेवलं आहेस. तुझ्या मावशीच्या पोटात काही राहतं का? त्या चष्मेवाल्यांना आजच हो म्हण. माणूस भला आहे. असेल तिथे माझ्या लेकालाही बरं वाटेल. लग्नात तुझ्या आईशेजारी मी उभी राहीन, खुर्ची मागणार नाही.

तुझीच,
आता नुसतीच आई